पिल्लांची आई कोण होणार?

घरी पाच-दहा कोंबड्या पाळाव्यात म्हणून नवशिक्यांसाठीचे पुस्तक हाती घेतले, की सुरुवातीच्या पानांतच जातींचा तक्ता भेटतो. गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते, वनराज शंभरावर, व्हाइट लेगहॉर्न तर तीनशेच्या घरात. आकडे खरे आहेत, पण नवखा वाचक त्यातून काढतो तो अर्थ अपुरा असतो. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग २१ दिवस अंड्यांवर बसते, पुढे दीड-दोन महिने पिल्ले घेऊन हिंडते, आणि तेवढा काळ तिची अंडी बंद असतात. तिच्या वर्षाचा मोठा भाग आईपणात जातो आणि तक्ता ते काम शून्य धरतो. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली, तसा हा खुडूकपणा कमी होत गेला; लेगहॉर्नमध्ये तो जवळजवळ उरलेलाच नाही. अंडी वाढली आणि आईचे काम पाळणाऱ्याच्या अंगावर आले. पुस्तकाने पहिल्या पानावर हेच विचारायला हवे: तुमच्या पिल्लांची आई कोण होणार?

हे काम थोडेथोडके नाही. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवत न्यायची. पुस्तके हा आकडा देतात आणि बल्ब टांगायला सांगतात. पण रात्री दोन वाजता वीज गेली तर काय, याबद्दल बहुतेक गप्प असतात. शिवाय तापमापकापेक्षा पिल्लेच जास्त खरे सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना गारठा लागतो आहे, कडेला सरकून चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली आहे, आणि सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असली तर ठीक आहे. खाली भाताचे तूस कोरडे राहिले पाहिजे, कारण ओल आली की रक्ती हगवण फार लांब नसते. गावठी कोंबडी पंखाखाली ऊब देते, दाणा दाखवते, घार दिसली की हाक देऊन पिल्लांना आडोशाला नेते. सुधारित जातींची पिल्ले पुढे जड होतात, मोकळ्यावर सोडली तर मुंगूस-मांजरापुढे त्यांची चपळाई कमी पडते.

यावर कोणी म्हणेल, ५०-६० अंड्यांत घर कसे भागेल? आक्षेप रास्त आहे, आणि सुधारित जाती टाळा असे माझे म्हणणे नाही. खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली वनराज किंवा गिरिराजची फळलेली अंडी ठेवता येतात. आकाराने मोठी म्हणून आठ-दहाच ठेवावीत. आई गावठी, पिल्ले सुधारित. दुसरा आक्षेप असा, की एवढा तपशील हौशी माणसाला घाबरवून सोडेल. पण २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ८५ कोटी पक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ते ४६ टक्क्यांच्या आसपास वाढले होते. इतकी घरे हे काम करतात, तेव्हा त्यांना अर्धी माहिती देणे हेच जास्त वाईट.

लसीच्या पानावरही हाच दोष दिसतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एकदा शिरला की खुराडा रिकामा करून जातो आणि त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, हे वेळापत्रक पुस्तकात असते. पण बाटली शे-दोनशे मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि फोडली की थोड्याच तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांच्या घराला हे एकट्याने जमत नाही. आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी लस द्यावी लागते. पिल्ले उबवायची वेळही त्या घरांनी मिळूनच ठरवावी लागते, आणि पुस्तकात नेमके हेच नसते. म्हणून पहिलाच कळप असेल तर एक दिवसाच्या पिल्लांच्या मोहात पडू नका. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या, आणि पैसे देण्याआधी त्यांना मानमोडीची लस कोणत्या तारखेला दिली ते विचारून लिहून ठेवा.