रोजच्या गाडीला बाहेरचा बेंड पाईप : स्वस्त किती, भरवशाचा किती?

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रात्री सव्वादहाच्या सुमारास आमच्या भाच्याचा फोन आला. "मामा, मोशीच्या पुढे थांबलोय. सायलेन्सर तुटून लोंबकळतोय. तुम्ही येता का?" त्याची तिसरी पाळी अकराला सुरू होणार होती आणि चाकण अजून लांब होते. बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही शेजाऱ्यांची रिक्षा घेऊन गेलो, तारेने सायलेन्सर कसाबसा बांधला आणि गाडी घरी आणली. त्या रात्रीची पाळी बुडाली. कंत्राटी कामगाराची पाळी बुडाली की त्या दिवसाचा पगार तर जातोच, वर महिन्याचा हजेरी भत्ताही जातो.

तो सायलेन्सर आणि त्याच्या पुढचा बेंड पाईप कंपनीचा नव्हता. एप्रिलमध्येच बाहेरून घेऊन बसवला होता.

बेंड पाईप म्हणजे इंजिनच्या हेडमधून निघून सायलेन्सरला जाऊन मिळणारी वाकडी नळी. चारचाकीत प्रत्येक सिलिंडरची वेगळी नळी असते आणि त्या सगळ्या एकत्र आणणाऱ्या भागाला हेडर म्हणतात. आता मोटारसायकलच्या दुकानांतूनही हाच शब्द चालतो. पेट्रोल जळून निघालेला धूर सर्वांत आधी याच नळीतून जातो, त्यामुळे गाडीच्या बाहेरच्या भागांत सर्वांत जास्त उष्णता तिलाच सोसावी लागते.

तरुण पोरे हा पाईप बदलतात ती आवाजासाठी, असा आपला सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. आमच्या भाच्याच्या दीडशे सीसीच्या जुन्या गाडीचा मूळ सायलेन्सर खालून गंजून भोक पडला होता. शोरूममध्ये विचारले तर बेंडसकट अख्खा संच बसवणुकीसह ७,८०० रुपये. बाहेर तेच काम २,४०० रुपयांत होत होते. हप्ता, घरभाडे आणि आईचे औषध सांभाळणाऱ्या मुलाने काय निवडले असेल ते सांगायला नको. आवाज जरा भारी येतो हे त्यावर फुकटात मिळालेले. त्याला दोष द्यायला आमची जीभ वळत नाही.

आता तो पाईप तुटला का, ते पाहू. विकणाऱ्याने लोहचुंबक लावून दाखवले होते. "चिकटतो का बघा. अस्सल ३०४ स्टेनलेस आहे, गंजायचा नाही." बोलणे खोटे नव्हते, पण अपुरे होते. ३०४ जातीचे स्टील तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त पसरते. ६० सेंटिमीटर लांबीची नळी ४०० अंशांनी तापली तर साध्या लोखंडाची सुमारे ३ मिलिमीटर वाढेल, ३०४ ची सुमारे ४ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा. पण नळी पातळ ३०४ ची, तिची कॉलर जाड लोखंडाची, आणि दोन्ही वेल्डिंगने एकमेकींना जखडलेल्या. नळी ताणते, कॉलर हलत नाही. कामाला जाताना एकदा तापणे-थंड होणे, येताना एकदा. महिन्याला २६ दिवस धरले तर ५२ वेळा. चार महिन्यांत दोनशेच्या वर. तडा गेला तो नेमका वेल्डिंगच्या कडेला.

गंमत अशी की, वाहन कंपन्या धुराच्या नळीसाठी बहुतेक वेळा ४०९ जातीचे स्टील वापरतात आणि त्याला लोहचुंबक चिकटतो. ते वरून तांबूस पडते, दिसायला गंजल्यासारखे दिसते, पण सहजासहजी आरपार खात नाही आणि उष्णतेने कमी पसरते. तेव्हा लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल चांगला, आणि चिकटला म्हणजे फसवणूक, असा हिशेब करू नये. आम्ही स्वतः दुकानात उभे राहून तो हिशेब केला होता, म्हणून सांगतो.

दुसरे कारण तर आणखी साधे होते. मूळ सायलेन्सर मागे चॅसीला रबरी बुश घालून अडकवलेला असतो. तो बुश गाडीचा थरथराट पिऊन टाकतो. नवा सायलेन्सर लांबीला आखूड. ब्रॅकेट जुळेना म्हणून मिस्त्रीने लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळला आणि बुश वगळला. चाकणच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मग थेट हेडजवळच्या दोन स्टडवर येऊ लागला. आम्ही ज्याला पाईपचा दोष म्हणत होतो, त्यातला निम्मा दोष बसवण्याचा होता.

भाच्याने मोशीच्या प्रसंगानंतर गाडी पुन्हा वेल्डिंग करून घेतली. नोव्हेंबरमध्ये कॉलरजवळ फट्‌फट् आवाज यायला लागला, म्हणजे पॅकिंगमधून धूर गळत होता. नट आवळताना जुना गंजलेला स्टड हेडच्या आतच मोडला. हेड ॲल्युमिनियमचे. ते उतरवून, ड्रिल मारून, नवे आटे बसवून घ्यावे लागले. दोन दिवस गाडी मिस्त्रीकडे.

आम्ही कारकून माणूस. कागद घेऊन बसलो. पाईप व सायलेन्सर २,४००. दोन वेळचे वेल्डिंग ३००. तीन वेळचे पॅकिंग व नट २१०. हेडचे काम २,६००. चौकात आवाजाबद्दल दंड १,०००. बुडालेले तीन दिवस, ६२० प्रमाणे १,८६०. ऑगस्टचा हजेरी भत्ता १,०००. एकूण ९,३७० रुपये. नोव्हेंबरचा भत्ता मुकादमाने समजून घेतला म्हणून वाचला.

यात पेट्रोल धरलेलेच नाही. मोकळ्या सायलेन्सरमुळे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले, गाडी गरम होऊ लागली, थ्रॉटल सोडला की फटाके वाजू लागले. उपाय म्हणून मिस्त्रीने कार्बोरेटरचा मोठा जेट टाकला. फटाके थांबले, पण लिटरला ५० चालणारी गाडी ४२ वर आली. रोजचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला सुमारे ४ लिटर पेट्रोल जास्त. आठ महिन्यांचे ३२ लिटर. लिटरचा भाव शंभराच्या वर. गुणाकार वाचकांनीच करावा.

आणि मिळाले काय? पिकअप वाढेल असे सांगितले होते. रुंद नळीत धुराचा वेग मंदावतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर इंजिनची ओढ उलट कमी होते. शर्यतीच्या मैदानात सुसाट फिरणाऱ्या इंजिनला रुंद नळीचा उपयोग असेल. भोसरीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग?

आमच्या ताईच्या पायाचेही सांगायला हवे. पुष्कळ गाड्यांचा मूळ बेंड दुहेरी भिंतीचा असतो किंवा त्यावर जाळीदार पत्रा असतो. बाहेरच्या पाईपला दोन्ही नव्हते. दवाखान्यात जायला ताई मागे बसली आणि उतरताना पोटरी टेकली. लुगड्याची कड जळाली आणि पोटरीवर रुपयाएवढा फोड आला. तिला मधुमेह असल्याने ती जखम भरायला दीड महिना लागला. माता-भगिनींनी गाडीवरून नेहमी पाईप नसलेल्या बाजूने उतरावे आणि लहान मुलांनाही तीच सवय लावावी.

कायद्याचे थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. भाच्याचे हजारावर भागले हे नशीब. पहाटे पाळीवरून आल्यावर शेजारचे आजोबा दचकून उठत, ते पोलिसांच्याही आधी आमच्याकडे तक्रार घेऊन आले होते.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या, म्हणजे बीएस ६ च्या, गाड्यांबाबत अधिकच जपावे. अनेक गाड्यांच्या बेंडमध्येच धूर शुद्ध करणारी जाळी असते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा तिच्यावर लेप असतो. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तिथेच बसवलेला. कॉलर जरा गळली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरचा अंदाज चुकतो आणि इंजिनला पेट्रोल जास्त जाते. जाळी काढून साधी नळी टाकली तर कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू तसाच बाहेर येतो, आणि सिग्नलला तो मागच्या गाडीवरच्या लेकराच्या नाकात जातो. दुकानदार जुना बेंड "भंगारात टाकतो" म्हणाला तर त्याच्याकडे ठेवू नये. त्यातल्या जाळीला भंगारातही चांगला भाव असतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

बाहेरचा प्रत्येक माल टाकाऊच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमच्या एका स्नेह्यांकडे १९९० च्या दशकातली बुलेट आहे. त्या गाडीला जाळीही नाही आणि सेन्सरही नाही. तिचा बेंड त्यांनी जाड पत्र्याचा, मूळ मापाचा आणि मूळ आकाराचा बनवून घेतला. सगळे ब्रॅकेट जागच्या जागी आहेत, आवाज पूर्वीचाच आहे. सहा वर्षे झाली, ते रोज त्याच गाडीने कामावर जातात.

ज्यांना नाइलाजाने बाहेरचा घ्यावाच लागेल त्यांनी आपल्याच मॉडेलचा, मूळ मापाचा घ्यावा. कॉलर हेडवर ठेवून पाहावी. दोन्ही स्टड ओढाताण न करता भोकात बसले पाहिजेत. दरवेळी नवे पॅकिंग घालावे. मिस्त्रीला आधी सगळे नट सैल लावायला सांगावे, मग हेडचे दोन्ही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत आणि मागचा ब्रॅकेट सर्वांत शेवटी, रबरी बुश घालूनच. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पुन्हा एकदा पाना फिरवावा. कॉलरभोवती काळी काजळी दिसली, किंवा सकाळी गाडी सुरू करताना टिक-टिक ऐकू येऊन तापल्यावर थांबली, तर गळती सुरू झाली असे समजावे. तेव्हाच ७० रुपयांचे पॅकिंग बदलले तर पुढचे हेडचे काम वाचते. बुडाला भोक पडलेला पण जाळी शाबूत असलेला मूळ सायलेन्सर असेल तर चांगल्या वेल्डरकडून ठिगळ मारून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. तो आम्हाला तेव्हा सुचला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये ताईने बचत गटातून कर्ज काढले आणि भाच्याने कंपनीचा संच बसवून घेतला. जेटही जुना टाकला. गाडी पुन्हा ४९-५० चालते. तुटका सायलेन्सर अजून माळ्यावर पडला आहे. भंगारवाला दारावर आला की ताई विचारते, "देऊन टाकू का रे हा?" आणि भाचा दरवेळी म्हणतो, "राहू दे ना, आवाज बाकी भारी होता."