नकाशावरचा ठिपका

पुण्यातल्या कात्रजमध्ये भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबात शाळाप्रवेशाची पहिली परीक्षा आई-वडिलांचीच असते. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचा, अर्ज भरताना मोबाईलवरच्या नकाशात घराचा ठिपका बोटानं सरकवत नेमक्या इमारतीवर आणायचा. तो जरा हलला, तर शाळा एक किलोमीटरच्या बाहेर जाऊ शकते. भाडेकरार नोंदणीकृत हवा. आर्थिक दुर्बल गटातून अर्ज असेल, तर एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखलाही.

२००९च्या या कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट. दाट वस्तीच्या शहरात याचा अर्थ पालकांना लगेच कळला.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलैला बदल रद्द झाला. विजय मोठा होता, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. नवं दप्तर घरात पडून आणि शेजारची मुलं शाळेत, हे सहा वर्षांच्या मुलाला कसं समजवायचं?

प्रवेश मिळाला, तरी मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीच्या फीची तजवीज अनेक घरांत पहिलीपासूनच सुरू होते.