उष्णोदक-मंडल आणि गोठणरोधक मिश्रण

कॅनडासारख्या अतिशीत देशांत अनेक घरे उष्णोदकाच्या अभिसरणाने उबदार ठेवली जातात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने खोल्यांतील नळ्यांतून फिरून परत येते. हे मंडल बंद असल्याने ते भरताना आतील हवा पूर्णपणे घालविणे अगत्याचे असते. उंच जागी साठलेली हवा अभिसरण रोखते आणि तिच्यातील प्राणवायू लोखंडास गंज चढवितो. यास्तव एकेका शाखेतून दाबाखाली पाणी सोडून निचऱ्याच्या तोंडाशी बुडबुडे थांबेपर्यंत ते वाहू देतात.

हिवाळ्यात वीज खंडित झाल्यास अभिसरण थांबते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व नळ्या फुटतात. पाणी आणि प्रोपिलीन ग्लायकॉल समभाग मिसळल्यास गोठणबिंदू उणे ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. एथिलीन ग्लायकॉलही हे कार्य करते. परंतु ते विषारी असून पिण्याच्या पाण्यात शिरण्याचा संभव असल्याने घरात वर्ज्य मानावे.

मिश्रणाची विशिष्ट उष्णता पाण्याहून कमी असते व ते अधिक दाट असल्याने पंपावरील भार वाढतो. याहून मोठा धोका सहसा लक्षात येत नाही. मंडलास पाणीपुरवठ्याची स्वयंचलित जोडणी तशीच राहिली, तर सूक्ष्म गळतीने गेलेल्या मिश्रणाची जागा निव्वळ पाणी घेते. दाबमापक योग्य दाब दाखवीत राहतो. संरक्षण मात्र क्षीण होत जाते. म्हणून ती जोडणी बंद ठेवावी आणि मिश्रणाचा गोठणबिंदू व आम्लता प्रतिवर्षी हिवाळ्यापूर्वी तपासावी, हेच श्रेयस्कर होय.