ट्रिगरफिश घरी पाळायचाय? नगरमध्ये 'समुद्र' बसवण्याआधी हे वाचा

काळ्याभोर अंगावर पांढरे मोठे ठिपके, पिवळे ओठ आणि काचेला नाक लावून मालकाकडे टक लावून बघणारा मासा. क्लाउन ट्रिगरफिशचे असे रील्स इन्स्टाग्रामवर सतत दिसतात. दुकानात तो बोटाएवढा असतो. मग प्रश्न पडतोच: हा आपल्या टँकमध्ये, बाकीच्या माशांसोबत राहील का?

उत्तर आहे, 'कोणता ट्रिगर आणि कोणते सोबती, यावर अवलंबून'. अहिल्यानगरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात पाणी, वीज आणि कायदा हे तीन प्रश्नही सोबत येतात.

'ट्रिगर' हे नाव का?

बॅलिस्टिडी या कुळातल्या सुमारे 40 जातींना ट्रिगरफिश म्हणतात. त्यांच्या पाठीवर एक जाड काटा असतो. धोका वाटला की मासा खडकाच्या फटीत शिरतो आणि हा काटा उभा करतो. मागचा छोटा काटा त्याला खिळीसारखा अडकवून ठेवतो. तो छोटा काटा दाबला तरच मोठा खाली येतो, म्हणजे बंदुकीच्या घोड्यासारखंच.

त्याचा जबडा खेकडे, शिंपले आणि समुद्री साळू फोडण्यासाठी बनलेला आहे. टँकमध्येही तो तेच करतो. झिंगे, गोगलगायी आणि खेकडे खातो, खडक हलवतो, हीटरची वायर किंवा पाइपही चावतो.

सगळे ट्रिगर सारखेच असतात का?

नाही. खरेदी करताना हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा.

- ब्लूथ्रोट आणि नायजर: हे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात, त्यामुळे तुलनेने शांत. लाल दातांचा नायजर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळतो. कर्नाटकातले मच्छीमार त्याला 'कार्गिल' म्हणतात.
- पिकासो: साधारण 25 सेंटिमीटर वाढतो. चपळ आणि धीट असतो, पण झिंगे-खेकड्यांसोबत ठेवता येत नाही.
- क्लाउन: 50 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. लहानपणी लाजतो, मोठेपणी टँकचा मालक होतो.
- अंड्युलेटेड: केशरी रेघांचा हा मासा सगळ्यात भांडखोर मानला जातो. त्याला बहुतेक वेळा एकटंच ठेवावं लागतं.

सोबत कोणते मासे ठेवता येतात?

ट्रिगरच्या तोंडात मावेल असा कोणताही मासा सोबत ठेवू नये. 'निमो' म्हणजे क्लाउनफिश, गोबी, छोटे डॅमसेल यांची जोडी धोक्याची. लायनफिश संथ असतो, त्याचे लांब पर ट्रिगर कुरतडतो. मोठे टँग, मोठे एंजलफिश किंवा मोरे ईल हे त्यातल्या त्यात तग धरतात.

टँकमध्ये सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. ट्रिगर नेहमी शेवटी सोडावा. आधी आलेला ट्रिगर पूर्ण टँक आपली हद्द समजतो आणि नंतर येणाऱ्याला हुसकावतो. भूक लागली की भांडणं वाढतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्यावं. कोळंबी आणि शिंपले कवचासकट दिले तर दातही झिजतात.

एवढं करूनही स्वभावाची हमी नसते. दोन वर्षं नीट राहिलेला मासा तिसऱ्या वर्षी हल्ला करू शकतो. त्याला वेगळं ठेवायला दुसरा टँक नसेल, तर सुरुवात न केलेली बरी.

नगरमध्ये समुद्राचं पाणी कुठून आणायचं?

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोरच उभं राहिलं. नगरहून तोच समुद्र अडीचशे किलोमीटर लांब. त्यामुळे पाणी घरीच तयार करावं लागतं.

एका लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मिठाचं मिश्रण लागतं. पिकासोसाठी 500 लिटरचा टँक धरला, तर पहिल्याच भरणीला साडेसतरा किलो मीठ लागेल. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलायचं, तर दरवेळी पावणेदोन किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

बोअरचं जड पाणी थेट वापरू नये. पिण्याच्या आरओ मशीनमध्ये चवीसाठी काही क्षार ठेवले जातात, टँकला मात्र टीडीएस शून्याच्या जवळ असलेलं पाणी लागतं. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची घट गोड्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या नाही.

नवीन टँकमध्ये लगेच मासा सोडू नये. विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

वजनाचंही बघा. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो. काच, खडक आणि स्टँड वेगळे. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल, तर आधी इंजिनिअरला विचारा.

बदललेलं खारं पाणी बागेत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. कालव्याखालच्या अनेक जमिनी आधीच खारवट-चोपण झाल्या आहेत.

उन्हाळा आणि लोडशेडिंगचं काय?

या माशांना साधारण 24 ते 27 अंश तापमान लागतं. नगरचा मे महिना 40 अंशांवर जातो, म्हणजे चिलर हवाच. तो घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर चालवणं अवघड असतं. वीज गेल्यावर पहिला फटका ऑक्सिजनला बसतो. त्यामुळे इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप जोडा आणि बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

कोरल ठेवलं तर गुन्हा होतो का?

'रीफ टँक' म्हणजे कोरल, म्हणजेच प्रवाळ असलेला टँक. भारतातले सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्री पंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. वाघाला आहे तेच संरक्षण. यात तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. मालवणहून 'आठवण' म्हणून आणलेला प्रवाळाचा तुकडाही यात अडकवू शकतो.

'आयात केलेलं आहे' हे दुकानदाराचं तोंडी उत्तर पुरेसं नाही. दगडी प्रवाळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखालीही येतात. 2022 च्या दुरुस्तीनंतर या करारातल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. कागद दाखवता येत नसतील, तर घेऊ नका.

ट्रिगर पाळायला कोरल लागतही नाही. कृत्रिम सिरॅमिक खडक आणि लपायला भरपूर फटी असल्या, की त्याचं भागतं.

मग घ्यायचा की नाही?

घरात विकले जाणारे बहुतेक ट्रिगर समुद्रातून पकडलेले असतात. नीट ठेवले तर ते दहा वर्षांहून जास्त जगू शकतात. हौस फिटली म्हणून मुळा धरणात सोडला, तर गोड्या पाण्यात तो मरेल. दुकानदार परत घेईलच असंही नाही.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा: माशाची नेमकी जात, तो पूर्ण वाढल्यावरची लांबी आणि तुमच्याकडे असलेला दुसरा टँक. यातली एकही गोष्ट जमत नसेल, तर तूर्तास रील बघण्यावरच भागवा.