प्रवचन आणि बंदूक
ऑस्कर रोमेरो १९७७ साली सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले, तेव्हा एल साल्वादोरमधील जमीनदार निश्चिंत होते. हा सनातनी, ग्रंथप्रिय धर्मगुरू आपल्या वाटेस जाणार नाही, असा त्यांचा कयास. परंतु महिन्याभरातच शेतमजुरांची बाजू घेणारे त्यांचे स्नेही फादर रुतिलिओ ग्रांदे मारले गेले, आणि रोमेरोंच्या नभोवाणीवरील प्रवचनांत मृतांची व बेपत्तांची नावे येऊ लागली. राज्यकर्त्यांना भक्तीचे वावडे नसते. वावडे असते ते या नावांचे. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना दडपशाही थांबविण्याची आज्ञा केली. दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करीत असता त्यांना गोळी घालण्यात आली. चर्चने २०१८ साली त्यांना संतपद दिले. खटला मात्र १९९३ च्या माफीच्या कायद्याने बंद झाला होता. तो कायदाच घटनाबाह्य ठरावयास २०१६ साल उजाडले.