इस्ट्रोजेनचे इंजेक्शन : सुई टोचण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

"पाळी जाऊन चार वर्षे झाली, तरी रात्री अंगाची लाही लाही होते. पंखा वाढवावा, तर ह्यांना थंडी वाजते. डॉक्टर, एखादे इंजेक्शनच देऊन टाका ना!"

हे वाक्य आपण स्वतः कधी उच्चारले असेल, किंवा आईच्या, सासूबाईंच्या तोंडून ऐकले असेल. आपल्याकडे सुईवर मोठा विश्वास. गोळी म्हणजे साधा उपचार आणि सुई म्हणजे खरा उपचार, अशी समजूत कित्येक घरांत आहे. इस्ट्रोजेनच्या बाबतीत ही समजूत बाजूला ठेवावी लागते. गोळी उद्यापासून थांबवता येते, त्वचेवर लावलेली पट्टी काढून टाकता येते. स्नायूत गेलेले औषध मात्र परत काढून घेता येत नाही. म्हणून या उपचाराविषयीचे प्रश्न सुई टोचण्यापूर्वीच विचारायला हवेत.

उणीव कशाची?

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सर्वसाधारणपणे ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. अंडाशयांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक या काळात झपाट्याने कमी होते. मग एकाएकी चेहऱ्यावर उष्णतेची लाट येते, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप मोडते, छाती धडधडते, मन चिडचिडे होते. योनिमार्ग कोरडा पडतो. लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग मागे लागतो. हे मनाचे खेळ नव्हेत आणि "बाईच्या जातीला हे चालायचेच" म्हणून सोडून देण्याजोगेही नव्हेत. त्यांवर उपचार आहेत. इंजेक्शन हा त्यांपैकी एक, आणि अलीकडे तुलनेने कमी वापरला जाणारा उपचार आहे.

तेलातले औषध

एस्ट्राडिऑल व्हॅलरेट हे इंजेक्शन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. ते एरंडेल किंवा तिळाच्या तेलात विरघळवलेले असते. कमरेखालच्या जाड स्नायूत खोलवर दिल्यावर तेथे औषधाचा जणू छोटा साठा होतो आणि त्यातून ते हळूहळू रक्तात उतरते. अमेरिकेतील माहितीपत्रकाप्रमाणे रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी १० ते २० मिलिग्रॅमची मात्रा चार आठवड्यांनी देतात. आपली मात्रा अर्थातच आपल्या डॉक्टरांनी ठरवायची.

महिन्यातून एकदाच सुई, रोजची गोळी विसरण्याची धास्ती नाही, ही त्यातली सोय. गैरसोयही तिच्यातच दडलेली आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तातील इस्ट्रोजेन बरेच चढते आणि नंतर उतरत जाते. त्यामुळे आरंभी स्तन दुखणे, डोके दुखणे आणि पुढच्या सुईची वेळ येईतो पुन्हा उष्णतेच्या लाटा, असा चढउतार काहींना जाणवतो. पट्टी किंवा जेल यांतून औषध अधिक समप्रमाणात मिळते आणि त्रास झाल्यास ते लगेच थांबवता येते. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञ त्यांचा आणि गोळ्यांचा विचार आधी करतात. इंजेक्शन सुचवले गेले, तर "माझ्यासाठी हेच का?" असे विचारण्यात काहीही गैर नाही.

'पिशवी काढली' म्हणजे काय काढले?

आपल्याकडे शस्त्रक्रियेविषयी विचारले, की "पिशवी काढली" एवढेच उत्तर मिळते. येथे ते पुरेसे नाही. केवळ गर्भाशय काढले असेल, तर पाळी थांबते, पण अंडाशये काम करत राहतात. दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे ओसरण्याऐवजी काही दिवसांतच कोसळते आणि त्रास तीव्र असतो. अशी शस्त्रक्रिया तरुण वयात झाली असेल, तर हाडांची झीज आणि हृदयविकार यांचा धोकाही वाढतो. अशा स्त्रीला विरोधात जाणारे कारण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सर्वसाधारण वयापर्यंत संप्रेरक देण्याचा सल्ला दिला जातो.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची राज्य शासनाच्या समितीने २०१९ साली चौकशी केली, तेव्हा पाहणीतील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आपल्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर जुने डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. अंडाशये काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलेले असते.

गर्भाशय शाबूत असेल, तर दुसरी काळजी. एकटे इस्ट्रोजेन दिल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते. त्यातून गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले. म्हणून अशा स्त्रीला सोबत प्रोजेस्टोजेन द्यावेच लागते. "मला गर्भाशय आहे, जोडीचे औषध कोणते?" हा प्रश्न विसरू नका.

वयाचे गणित

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले. जगभर भीती पसरली आणि लक्षावधी स्त्रियांनी उपचार सोडले. पुढे तपशील तपासले गेले, तेव्हा दोन गोष्टी ठळक झाल्या. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि औषध गोळीचे होते. आज तज्ज्ञांचे मत असे, की साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, तीव्र त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला या उपचाराचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. सत्तरीत तो नव्याने सुरू करणे मात्र सहसा टाळले जाते.

म्हणून आजींना केवळ कोरडेपणा आणि लघवीचा त्रास असेल, तर सुईची गरज क्वचितच पडते. योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम पुष्कळदा पुरते आणि त्यातील फारच थोडा अंश रक्तात जातो. उष्णतेच्या लाटांवर संप्रेरक नसलेली औषधेही उपलब्ध आहेत.

कोणी घेऊ नये?

स्तनांचा किंवा इस्ट्रोजेनवर पोसणारा अन्य कर्करोग झालेला असणे, पायांत किंवा फुप्फुसांत गुठळी झालेली असणे, पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव: यांपैकी काहीही असल्यास हे इंजेक्शन घेऊ नये. तिळाची ॲलर्जी असेल, तर ती आवर्जून सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर तीही सांगा. अशा वेळी खोल स्नायूत टोचल्यास आत रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलच्या दुकानातून आणून परस्पर टोचून घेण्याचे हे इंजेक्शन नव्हे. आधी रक्तदाब पाहणे, स्तनांची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅमोग्राफी होणे आवश्यक आहे.

घरच्यांनी काय पाहावे?

आईची, सासूबाईंची काळजी घेणाऱ्यांनी एक वही ठेवावी. इंजेक्शनची तारीख, मात्रा, लाटा किती वेळा आल्या, झोप कशी लागली, एवढे लिहिले तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते. वर्षातून एकदा तरी "अजून गरज आहे का?" हे त्यांना विचारा, उपचार मनाने सोडूही नका आणि लांबवूही नका.

एकाच पायाला सूज आणि वेदना, अचानक दम लागणे, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एकाएकी अंधुक दिसणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि इंजेक्शन चालू असल्याचे सांगा. पाळी गेल्यानंतर रक्ताचा डाग दिसला, तर तो कितीही लहान असो, तपासून घ्यायलाच हवा. पुष्कळ स्त्रिया संकोचाने हे घरात बोलत नाहीत. तेव्हा आपणच आपुलकीने विचारावे. आयुष्यभर ज्यांनी घराच्या दुखण्याखुपण्याची विचारपूस केली, त्यांची विचारपूस आता आपण करायची आहे.