सुरूच्या बनातून धावताना

गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून धावणारे मला विचारतात, "डॉक्टर, सावली असूनही इथे इतका थकवा का येतो?" कारण हवेतील दमटपणा. घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला तरच शरीर थंड होते. दमट हवेत घाम निथळत राहतो, दाट झाडीत वाराही अडतो आणि अंगातील उष्णता वाढत जाते. म्हणून उन्हे चढण्यापूर्वीच धावावे, वेग बेताचा ठेवावा. चक्कर, मळमळ जाणवल्यास थांबून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घोट घोट घ्यावे. धावणारा असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडाने काही पाजू नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.